आतड्यातली खूणगाठ

शौचातून रक्त पडले की आपल्याकडे त्याचे निदान बहुतेक वेळा रुग्णाने स्वतःच करून टाकलेले असते. मूळव्याध आहे, उष्णता वाढली आहे, तिखट कमी केले की बरे वाटेल, असे म्हणून तो गप्प बसतो. आठवडी बाजाराच्या गावात ‘मूळव्याध-भगंदर, बिनाऑपरेशन’ अशी पाटी लावलेला कुणीतरी असतोच. तिथून पुडी मिळते, मलम मिळते. रक्त काही दिवस थांबते, मग पुन्हा सुरू होते. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तर ही गोष्ट अनेकदा घरातल्या माणसांनाही सांगितली जात नाही. सांगितली जाते तेव्हा वजन उतरलेले असते, पोट साफ होत नसते आणि नागपूरची वाट धरावी लागते.

असे रक्त पडणाऱ्या बहुतेकांना खरोखरच मूळव्याध किंवा गुदद्वाराची चीर एवढाच त्रास असतो, हे आधीच सांगायला हवे. घाबरून जाण्याचे कारण नाही. पण उरलेल्या थोड्या लोकांत मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग असतो, आणि त्यांच्या बाबतीत मूळव्याधीच्या मलमावर गेलेले सहा महिने परत मिळत नाहीत. २०२२ साली जगात या कर्करोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख माणसे दगावली. भारतातले नवे रुग्ण ७० हजारांच्या आसपास होते. लोकसंख्येच्या मानाने आपला दर अमेरिका-युरोपच्या तुलनेत बराच कमी आहे. मात्र टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या रुग्णालयांच्या नोंदी सांगतात, की आपले रुग्ण पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा वयाने तरुण असतात आणि पुष्कळ जण उशिरा येतात. म्हणून ‘हा श्रीमंतांचा, म्हाताऱ्यांचा रोग’ ही समजूत सोडून द्यायला हवी.

हा आजार आतड्यात नेमका सुरू कसा होतो, हे गेल्या पस्तीसेक वर्षांत बऱ्याच स्पष्टपणे उलगडले आहे. त्या उलगड्याच्या मध्यभागी आहेत प्रथिनांवर खुणा करणारी आणि त्या खुणा पुसणारी विकरे, म्हणजे एन्झाइम. विषय प्रयोगशाळेतला वाटतो खरा. पण याच विकरांच्या अभ्यासातून एका टोकाला लाखो रुपयांची औषधे निघाली आणि दुसऱ्या टोकाला ज्वारी-कोसरीच्या चोथ्याचे महत्त्व कळले. आपल्या दोन जिल्ह्यांना यातले काय आधी लागणार आहे, हे ठरवायचे तर दोन्ही टोके समजून घेणे भाग आहे.

मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराची झीज सतत होत असते. त्यातल्या पेशी चार-पाच दिवसांत गळून पडतात आणि खालच्या खाचांमधून नव्या पेशी वर येतात. एवढ्या वेगाने नूतनीकरण चालते म्हणजे ‘वाढा’ हा हुकूम जितका महत्त्वाचा, तितकाच ‘आता थांबा’ हाही महत्त्वाचा. हे हुकूम पेशीत प्रथिने वाहून नेतात. एखादे प्रथिन कामाला लागावे, थांबावे, एका जागेहून दुसऱ्या जागी जावे किंवा नष्ट व्हावे, हे बऱ्याचदा त्याच्यावर चिकटवलेल्या लहानशा रासायनिक खुणेवरून ठरते. फॉस्फेटची खूण चिकटवणाऱ्या विकरांना कायनेज म्हणतात. माणसाच्या शरीरात अशी पाचशेहून अधिक कायनेज आहेत. ही खूण लावता येते तशी काढताही येते आणि त्यातून पेशीचा कारभार चालतो, हे दाखवून देणाऱ्या एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांना १९९२ चे नोबेल मिळाले. दुसरी एक खूण आहे युबिक्विटिनची. ती ज्या प्रथिनावर साखळीसारखी चढते, त्याचे पेशीतले दिवस भरले असे समजावे. या शोधासाठी ॲरन चिकानोव्हर, अवराम हर्शको आणि अर्विन रोझ यांना २००४ चे नोबेल देण्यात आले.

आतड्याच्या कर्करोगात या दोन्ही खुणांचा संबंध कसा येतो, ते पाहू. बीटा-कॅटेनिन नावाचे एक प्रथिन पेशीला वाढीचा हुकूम देते. ते पेशीत सतत तयार होते आणि गरज नसेल तेव्हा सतत नष्टही केले जाते. नष्ट करण्याची रीत ठरलेली आहे. आधी दोन कायनेज त्याच्यावर फॉस्फेटच्या खुणा करतात. त्या खुणा पाहून दुसरी विकरे युबिक्विटिनची साखळी चढवतात. मग पेशीतले प्रथिने तोडणारे यंत्र, म्हणजे प्रोटिएसोम, त्याचे तुकडे करते. ही सगळी मंडळी एका जागी आणून धरणारे एक प्रथिन असते, त्याचे नाव एपीसी.

आपल्या भागातल्या वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये. आलापल्लीच्या जंगलात उभ्या सागावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का पडल्याशिवाय रीतसर तोड होत नाही. हातोडा आहे, शिक्का मारणारा आहे, तोडणारेही तयार आहेत. पण त्यांना नेमक्या झाडापाशी घेऊन जाणारा वाटाड्याच नसेल, तर झाड तसेच उभे राहील. एपीसी हा तो वाटाड्या. त्याच्या जनुकात बिघाड झाला की कायनेज शाबूत असूनही बीटा-कॅटेनिनवर खूण पडत नाही. न तोडलेले बीटा-कॅटेनिन साचत जाते, पेशीच्या केंद्रकात शिरते आणि ‘वाढा’ हा हुकूम रात्रंदिवस देत राहते. अस्तरावर एक लहान मांसांकुर उगवतो. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. मोठ्या आतड्याच्या सुमारे ऐंशी टक्के कर्करोगांत एपीसीचा हा बिघाड सापडतो आणि बहुधा तोच पहिला असतो. हे जनुक १९९१ साली ओळखले गेले. काही थोड्या कुटुंबांत तो बिघाड जन्मतःच येतो. अशा माणसाच्या आतड्यात तरुणपणीच शेकडो पॉलिप होतात आणि वेळीच शस्त्रक्रिया केली नाही तर कर्करोग जवळजवळ ठरलेला असतो. घरातल्या दोघा-तिघांना तरुण वयात आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर बाकीच्यांनी तपासून घ्यायचे ते याचसाठी.

पॉलिप म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक पॉलिप आयुष्यभर निरुपद्रवी राहतात. ज्यांचे कर्करोगात रूपांतर होते, त्यांनाही साधारणपणे दहाएक वर्षे लागतात, कारण एकामागून एक आणखी काही बिघाड व्हावे लागतात. दुर्बिणीने पाहून पॉलिप काढून टाकला की ती वाट तिथेच बंद होते. फार थोडे कर्करोग असे आहेत, की ते होण्याआधीच कापून टाकता येतात. हा त्यांपैकी एक आहे आणि तरीही आपल्याकडे तो उशिरा सापडतो, ही खरी खंत आहे.

पुढच्या बिघाडांत पुन्हा कायनेजच येतात. पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचे एक कायनेज असते. बाहेरून वाढीचा निरोप आला की ते जागे होते आणि आत रास नावाच्या प्रथिनाला इशारा देते. रास हे विजेच्या बटणासारखे असते. ते सुरू झाले की राफ, मेक आणि अर्क ही तीन कायनेज क्रमाने एकमेकांवर फॉस्फेटची खूण करतात आणि निरोप केंद्रकापर्यंत जातो. मोठ्या आतड्याच्या सुमारे चाळीस टक्के कर्करोगांत के-रास या बटणात असा बिघाड असतो, की ते एकदा चालू झाले की बंदच होत नाही.

आता याचा औषधाशी संबंध पाहा. सेटुक्सिमॅब नावाचे महागडे इंजेक्शन पेशीच्या पृष्ठभागावरचे ईजीएफआर अडवते. पण बटण खालीच अडकलेले असेल, तर वर अडवून काय उपयोग? के-रासमध्ये बिघाड असलेल्या रुग्णांना या औषधाचा फायदा होत नाही, हे २००८ मध्ये मोठ्या अभ्यासातून सिद्ध झाले. तेव्हापासून हे औषध देण्याआधी गाठीच्या तुकड्याची रास तपासणी करायची, हा जगभरचा शिरस्ता आहे. तपासणी न करता औषध देणे म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. फरक एवढाच, की इथे इंजेक्शनची किंमत एखाद्या कुटुंबाच्या शेताएवढी असू शकते. म्हणून असे औषध सुचवले गेले तर ‘रासची तपासणी झाली का?’ हा प्रश्न रुग्णाच्या नातेवाइकांनी नम्रपणे, पण जरूर विचारावा. या तपासणीसाठी रुग्णाला पुन्हा प्रवास करावा लागत नाही. शस्त्रक्रियेच्या किंवा बायोप्सीच्या वेळी घेतलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो. तो ठोकळा नागपूरला किंवा मुंबईला पाठवता येतो.

एकच विकर वेगवेगळ्या अवयवांत वेगळे वागते, हेही या अभ्यासातून कळले. राफ कुटुंबातल्या बी-राफ या कायनेजमध्ये एक ठरावीक बिघाड त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगात बऱ्याचदा आढळतो. त्यावरचे औषध तिथे निम्म्या रुग्णांत गाठ आकसवते. तोच बिघाड असलेल्या आतड्याच्या कर्करोगात मात्र ते औषध एकट्याने जवळजवळ निरुपयोगी ठरले. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये त्याचे कारण दाखवले. बी-राफ अडवला की आतड्याच्या पेशीत ईजीएफआर उलट जोमाने जागे होते. एक नाला बांध घालून अडवावा आणि पाण्याने दुसरीकडून वाट काढावी, तसा हा प्रकार. मग दोन्ही एकदम अडवणारी जोड-औषधे आली आणि २०२० मध्ये अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. त्यांनी आयुष्य वाढते, पण पसरलेल्या आजारात ही वाढ बहुधा महिन्यांत मोजायची असते. आजार लवकर सापडला आणि शस्त्रक्रियेने पूर्ण काढता आला, तर मात्र बहुसंख्य रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. विज्ञानाची झेप कितीही मोठी असली, तरी हा हिशेब बदललेला नाही.

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. खुणा पुसणाऱ्या विकरांत एक गट आहे हिस्टोन डीॲसिटिलेजचा. आपला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. हिस्टोनवर ॲसिटिलची खूण असेल तर गुंडाळी सैल राहते आणि तिथली जनुके काम करू शकतात. खूण पुसली की गुंडाळी आवळते आणि जनुके गप्प होतात. आतड्याच्या कर्करोगात ही पुसणारी विकरे अनेकदा गरजेपेक्षा जास्त असतात. त्यामुळे पेशीला ‘थांब’ किंवा ‘बिघडली आहेस, मर’ असे सांगणारी जनुकेही गप्प बसू शकतात.

या विकरांना आवर घालणारा एक पदार्थ आपल्याच आतड्यात रोज तयार होतो. त्याचे नाव ब्युटिरेट. आपण खाल्लेल्या धान्यातला, डाळींतला, भाज्यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यात पोहोचतो. तिथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट निघते. मोठ्या आतड्याच्या निरोगी पेशी आपल्या गरजेची बहुतांश ऊर्जा त्यातूनच मिळवतात. कर्करोगाच्या पेशींचा कल मात्र साखर जाळण्याकडे असतो. ब्युटिरेट त्या फारसे वापरत नाहीत, म्हणून ते त्यांच्यात साचते. साचलेले ब्युटिरेट खुणा पुसणाऱ्या विकरांना अडवते आणि त्या पेशींची वाढ मंदावते. एकच पदार्थ निरोगी पेशीचे अन्न ठरतो आणि बिघडलेल्या पेशीचा लगाम. प्रयोगशाळेत हे अनेकदा दिसून आले आहे.

माणसांत याचा माग काढणारा एक साधा आणि बोलका प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतले वीस कृष्णवर्णीय नागरिक आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतले वीस जण यांच्या आहाराची दोन आठवड्यांसाठी अदलाबदल करण्यात आली. पहिल्या गटात आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण खूप जास्त, दुसऱ्यात अगदी कमी. अमेरिकनांना चोथ्याने भरलेले, कमी मांस-चरबीचे खेड्यातले जेवण दिले. आफ्रिकनांना मांस, चरबी भरपूर आणि चोथा नावापुरता, असे शहरी जेवण दिले. अवघ्या चौदा दिवसांत अमेरिकनांच्या आतड्यातले ब्युटिरेट अडीचपट झाले, तर आफ्रिकनांचे निम्म्यावर आले. अस्तरातली सूज आणि पेशी विभागण्याचा वेग हेही त्याच दिशेने बदलले. दोन आठवड्यांत कर्करोग होतही नाही आणि टळतही नाही. पण ताटात काय पडते याची दखल आतडे किती लवकर घेते, ते यातून दिसले.

यातला आफ्रिकेचा गट वाचताना आपल्याला झाडीपट्टीतले जुने ताट आठवावे. हातसडीचा तांदूळ, कोसरी, आंबील, लाखोळी आणि तुरीची डाळ, बरबटी, पावसाळ्यात तरोट्याची भाजी, बांबूचे वास्ते, जंगलातले कंद. या ताटात उणिवा होत्याच. तेल-दूध कमी, कधी पोटभर मिळण्याचीच मारामार. त्या गरिबीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण चोथ्याची उणीव त्यात नव्हती. आज त्या जागी गिरणीतला पांढराशुभ्र तांदूळ, मैद्याची बिस्किटे आणि दहा रुपयांचे कुरकुरीत पाकीट आले आहे. भामरागड-एटापल्लीच्या दुकानांतही ही पाकिटे दाराशीच लटकलेली दिसतात. पॉलिश केलेल्या शंभर ग्रॅम तांदळात चोथा तीन ग्रॅमही नसतो. तेवढ्याच ज्वारी-नाचणीत तो दहा-अकरा ग्रॅम असतो. प्रौढ माणसाने रोज तीस ग्रॅमच्या आसपास चोथा खावा, असे आहारतज्ज्ञ सांगतात. केवळ पांढरा भात आणि पातळ वरण खाऊन तो आकडा गाठणे कठीण आहे.

चोथ्याबद्दल बोलताना अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. रोजच्या आहारात चोथा दहा ग्रॅमने वाढला की आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी कमी आढळतो, असे अनेक अभ्यासांच्या २०११ मधील एकत्रित विश्लेषणातून दिसले. त्यातही अख्ख्या धान्यातल्या चोथ्याचा फायदा ठळक होता. दुसरीकडे, अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत एकदा पॉलिप काढलेल्या लोकांना काही वर्षे जास्त चोथ्याचा आहार दिला, तरी नवे पॉलिप होण्याचे प्रमाण घटले नाही. म्हणजे चोथा हे औषध नव्हे. उतारवयात चार वर्षे भुसा खाऊन तरुणपणाची भरपाई होत नाही. ती लहानपणापासूनची सवय असावी लागते. आणि ज्याच्या शौचातून रक्त जात आहे, त्याने तर चोथ्यावर विसंबून तपासणी लांबवूच नये.

धोका वाढवणाऱ्या गोष्टींत दारू आणि धूम्रपान यांची नावे निश्चित आहेत. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे कारण म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दोन्हींना सर्वांत खात्रीच्या वर्गात घातले आहे. दारूपासून शरीरात ॲसिटाल्डिहाइड तयार होते, आतड्यातले जिवाणूही ते करतात, आणि ते डीएनए व प्रथिनांना इजा करते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. त्या निर्णयावर बोलताना महसूल आणि अवैध विक्री यांची चर्चा पुष्कळ झाली. आतड्याची, यकृताची, घशाची चर्चा फारच कमी झाली. खर्ऱ्याचा मुख्य घाव तोंडावर बसतो. ‘सर्च’च्या पुढाकाराने गडचिरोलीत सुरू झालेल्या मुक्तिपथ मोहिमेने दारू आणि तंबाखू हे दोन्ही प्रश्न एकत्र हाताळले, ते योग्यच होते.

हे सगळे लक्षात घेऊन दवाखान्यांकडे पाहू. सरकारी तपासणी मोहिमेत तीस वर्षांवरील लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी पाहणी केली जाते. आपल्या भागात हाच क्रम योग्य आहे. सगळ्या निरोगी माणसांची दुर्बिणीने तपासणी करा, अशी मागणी इथे कुणी करणार नाही आणि करूही नये. मागणी त्याहून खूप लहान आहे. ज्याला त्रास होतो आहे, तो तरी नजरेतून सुटू नये.

त्याची सुरुवात एका हातमोज्यापासून होते. गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ डॉक्टरच्या बोटाला लागू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात शौचातून रक्त जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक प्रौढाची अशी तपासणी व्हायला हवी. तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. लागतो तो आडोसा, थोडा वेळ आणि रुग्णाची लाज समजून घेणारा शब्द. स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर किंवा निदान परिचारिका सोबत असली पाहिजे. नाहीतर त्या तक्रार सांगणारच नाहीत.

दुसरी गोष्ट रक्तक्षयाची. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ असेल तर रक्त डोळ्यांना दिसत नाही. ते शौचात मिसळून जाते आणि माणूस हळूहळू फिका पडतो. पण आपल्याकडे फिकेपणाचे आश्चर्य कुणाला वाटते? राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात रक्तक्षयी आढळल्या. आपल्या आदिवासी पट्ट्यात त्यात सिकलसेलची भर पडते, हिवतापाची पडते, जंताची पडते. या गर्दीत आतड्यातला रक्तस्राव सहज लपतो. म्हणून चाळिशी ओलांडलेला पुरुष किंवा पाळी बंद झालेली स्त्री रक्तक्षयी असेल आणि लोहाच्या गोळ्यांनी दोन महिन्यांत फरक पडत नसेल, तर केवळ गोळ्या वाढवू नयेत. शौचातले लपलेले रक्त शोधणारी साधी चाचणी करावी. तिच्यासाठी लहानसा नमुना पुरतो. रक्त सापडले म्हणजे कर्करोग आहे असे नव्हे. दुर्बिणीने पाहण्याची गरज आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरी गोष्ट ती दुर्बीण, म्हणजे कोलोनोस्कोपी. सिरोंचा किंवा भामरागडच्या माणसाला जिल्ह्याच्या गावी यायलाच दीडशे किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. तिथून नागपूर आणखी सुमारे १७० किलोमीटर. या तपासणीआधी जुलाबाचे औषध घेऊन आतडे रिकामे करावे लागते. ते घेऊन एवढा प्रवास कुणी कसा करायचा? म्हणून आदल्या दिवशी राहण्याची सोय असलेली, ठरल्या वारी होणारी कोलोनोस्कोपी दोन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी हवी. चंद्रपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, टाटा ट्रस्टच्या सहभागातून कर्करोग रुग्णालयही उभे राहिले आहे. गडचिरोलीतही वैद्यकीय महाविद्यालयाला मंजुरी मिळाली आहे. इमारती आल्या की पुढचा प्रश्न हाच असतो, की दुर्बीण चालवणारा माणूस आठवड्यातून किती दिवस हजर आहे.

चौथी गोष्ट पैशाची. आज महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी योजना २०१२ साली सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली होता. कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन यांना तिचा आधार मिळतो. पण गाठ आहे हे ठरेपर्यंतचा खर्च, म्हणजे तपासण्या, एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी, बहुतेक वेळा रुग्णाच्याच खिशातून जातो. गरीब माणूस नेमका याच टप्प्यावर माघारी फिरतो. आजार सिद्ध झाल्यावर लाखोंचे उपचार आणि सिद्ध करण्यासाठी हजार-दोन हजारही नाहीत, हा व्यवहार उफराटा आहे.

ताटाबाबत सरकारच्या हाती आहे ते रेशन, अंगणवाडी आणि शाळेतले दुपारचे जेवण. या तिन्हींत भाताबरोबर ज्वारी, नाचणी, कोसरी आणि अख्खी कडधान्ये नियमित आली, तर चोथ्याची सवय पुढच्या पिढीला फुकट लागेल. हे धान्य इथल्याच शेतकऱ्याकडून घेतले तर त्याच्या हातातही चार पैसे पडतील.

वाचकांनी मात्र सरकारची वाट पाहत बसू नये. शौचात रक्त मिसळून येणे, शौचाच्या सवयीत तीन-चार आठवडे टिकणारा बदल, पोट साफ झाले नाही असे सतत वाटणे, कारणाशिवाय वजन उतरणे, न भरून येणारा रक्तक्षय: यातले काहीही असेल तर डॉक्टरला स्पष्ट शब्दांत सांगावे आणि ‘तपासून पाहता का?’ असे विचारावे. मूळव्याध निघाली तर उत्तमच, मलम घेऊन घरी जावे. प्रथिनांवरच्या खुणा वाचायला प्रयोगशाळा लागतात. शौचातल्या रक्ताची खूण ज्याची त्यालाच आधी दिसते, आणि ती पाहून गप्प न बसणे हाच या आजारावरचा आपल्या आवाक्यातला पहिला उपाय आहे.